थोडं इथे, थोडं तिथे: कॅनडात नव्याने आलेल्यांसाठी कर आणि हेल्थ कार्डाचा हिशेब

आमच्या फ्रिजवर एक दोनशे पानी वही असते. आत पट्टीने रेघा मारून पाच रकाने पाडलेत: निघालो, पोचलो, इथले दिवस, तिथले दिवस, शेरा. विमानतळावरून घरी आलं की बॅगा उघडायच्या आधी वहीत तारीख पडते. नवरा अजूनही हसतो. पण ही सवय हौसेने लागलेली नाही, पहिल्या दोन वर्षांत पैसे मोजले तेव्हा लागली.

नव्याने आलेल्या मराठी कुटुंबांकडून मला सगळ्यात जास्त येणारा प्रश्न असा असतो: "१८३ दिवसांच्या आत राहिलं की झालं ना?" कशाचं झालं, असं विचारलं की समोरचा गडबडतो. १८३ हा आकडा कुठेतरी कानावर पडलेला असतो आणि तोच सगळीकडे लावलेला असतो. प्रत्यक्षात कॅनडाचा आयकर, भारताचा आयकर, प्रांताचं हेल्थ कार्ड (सरकारी आरोग्यसेवेचं) आणि पीआर (कायम रहिवासाचा परवाना) अशी चार वेगळी खाती आहेत. एकाचं वर्ष जानेवारीत सुरू होतं, दुसऱ्याचं एप्रिलमध्ये, तिसरं कुठल्याही तारखेपासून मागचे बारा महिने मोजतं, चौथं पाच वर्षांचा हिशेब धरतं. एकात पास झालात म्हणून दुसऱ्यात पास होत नाही.

मी ऑन्टारिओत राहते, त्यामुळे उदाहरणं इथलीच जास्त येतील. इतर प्रांतांत जिथे ठळक फरक आहे तिथे सांगते.

पायरी १: उतरल्याची तारीख पक्की करा

कॅनडा नागरिकत्व बघून कर लावत नाही, रहिवास बघून लावतो. (अमेरिकेतले नातेवाईक ग्रीन कार्डाचे नियम सांगतील. ऐकून घ्या आणि सोडून द्या.) ज्या दिवशी तुम्ही इथे बिऱ्हाड थाटायला उतरलात, साधारण त्या दिवसापासून तुम्ही करासाठी रहिवासी झालात. तेव्हापासूनचं जगभरातलं उत्पन्न इथल्या रिटर्नमध्ये येतं. त्याच्या आदल्या दिवसापर्यंतचा भारतातला पगार इथे करपात्र नसतो, मात्र सवलती ठरवायला त्याचा आकडा विचारतात, तेव्हा शेवटच्या पगाराच्या स्लिपा बरोबर आणा.

या तारखेला आणखी एक गोष्ट घडते, आणि ती कुणी सांगत नाही. त्या दिवशी तुमच्या नावावर असलेला फ्लॅट, शेअर, म्युच्युअल फंड, सोनं हे सगळं तुम्ही त्या दिवशीच्या बाजारभावाने नव्याने घेतलं असं कॅनडाचा कायदा धरतो. समजा पुण्याचा फ्लॅट २०१० साली २५ लाखांना घेतला, उतरलात तेव्हा त्याची किंमत ९० लाख होती आणि पुढे तो १ कोटीला विकला. भारत नफा २५ लाखांपासून मोजेल, कॅनडा ९० लाखांपासून. खरेदीची रक्कम उतरल्या दिवसाच्या डॉलरच्या दराने आणि विक्रीची विकल्या दिवसाच्या दराने बदलायची, म्हणून आकडा थोडा इकडेतिकडे होतो, पण फायदा तुमचाच. अट एवढीच की ते ९० लाख कागदावर दाखवता आले पाहिजेत. निघण्याआधी शासनमान्य व्हॅल्युअरकडून अहवाल करून घ्या आणि फंडांची त्या तारखेची स्टेटमेंटं उतरवून ठेवा. आम्ही हे तीन वर्षांनी करायला गेलो. व्हॅल्युअरने मागच्या तारखेचं मूल्यांकन करून दिलं खरं, पण त्यासाठी त्या वर्षीचे आसपासचे विक्रीव्यवहार शोधत सासऱ्यांना उन्हात दोन हेलपाटे पडले.

पायरी २: पहिलं रिटर्न

कर-वर्ष जानेवारी ते डिसेंबर, मुदत ३० एप्रिल. स्वतःचा व्यवसाय असेल तर रिटर्नला १५ जूनपर्यंत वेळ मिळतो, पण देणं असलेला कर ३० एप्रिललाच भरायचा, नाहीतर व्याज सुरू. ३१ डिसेंबरला ज्या प्रांतात राहत होता त्या प्रांताचा कर लागतो. क्युबेकमध्ये असाल तर प्रांताचं रिटर्न वेगळं भरावं लागतं.

"डिसेंबरमध्ये आलो, काही कमावलंच नाही, मग कशाला?" असं म्हणू नका. लहान मुलं असतील तर चाइल्ड बेनिफिट (मुलांसाठी सरकार देतं ते पैसे) रिटर्नवर ठरतं, आणि ते नवरा-बायको दोघांनी भरलेलं लागतं. नव्याने आलेल्यांना त्यासाठी आरसी-६६ हा फॉर्म आणि त्याची पुरवणी भरावी लागते, तिच्यात येण्याआधीचं भारतातलं उत्पन्न विचारतात. पीआर असलेल्यांना लगेच अर्ज करता येतो. वर्क परमिट किंवा स्टडी परमिटवर असलेल्यांना १८ महिने सलग राहून एकोणिसाव्या महिन्यात वैध परमिट लागतं. पुढे नागरिकत्वाच्या अर्जातही पाच वर्षांपैकी तीन वर्षांची रिटर्नं भरली का ते बघतात.

जोडीदार भारतातच असेल तरी त्याचं निव्वळ उत्पन्न तुमच्या रिटर्नमध्ये सांगावं लागतं. त्याच्यावर इथे कर बसतो असं नाही, पण तुमच्या सवलती आणि मुलांचे पैसे त्यावर ठरतात. ही जागा रिकामी सोडणारे पुष्कळ आहेत, आणि दोन वर्षांनी मिळालेले बेनिफिट परत मागणारं पत्रही पुष्कळांच्या घरी आलंय.

पायरी ३: "सहा महिने बाहेर राहिलं की कर नाही" हे डोक्यातून काढा

सीआरए (कॅनडाचं कर खातं) आधी इथल्याशी बांधणारे धागे बघते, दिवस नंतर. मुख्य धागे तीन: इथलं राहतं घर, इथे असलेला जोडीदार, तुमच्यावर अवलंबून असलेली मुलं. दुय्यम धाग्यांत गाडी, सामान, बँक खाती, क्रेडिट कार्ड, ड्रायव्हिंग लायसन्स आणि प्रांताचं हेल्थ कार्ड येतं. बायको-मुलं मिसिसागात, शाळा इथे, आणि नवरा नोकरीसाठी वर्षातले नऊ महिने पुण्यात किंवा दुबईत: तो इथल्या करासाठी रहिवासीच राहण्याची शक्यता दाट. नऊ महिन्यांचा पगार इथल्या रिटर्नमध्ये दाखवायचा आणि तिकडे भरलेल्या कराची वजावट घ्यायची.

मग १८३ कुठे लागतो? ज्याचे असे काही धागे नाहीत, पण जो पाहुणा म्हणून एका कॅलेंडर वर्षात १८३ किंवा जास्त दिवस इथे राहतो, त्याला. तो पूर्ण वर्षासाठी रहिवासी मानला जातो. हे कुणाला लागू होतं बघा: सुपर व्हिसावर आलेल्या आई-बाबांना. नातवंडं सांभाळायला आठ महिने राहिलेल्या बाबांची पेन्शन आणि एफडीचं व्याज कॅनडाच्या कक्षेत यायला लागतं. घाबरू नका, भारत आणि कॅनडामध्ये १९९६ साली सही झालेला करार आहे आणि दोन्ही देश एकाच माणसावर हक्क सांगत असतील तर कुणाचा माणूस ते तो ठरवतो. क्रम असा: कायमचं घर कुठे, जीवनाचा केंद्रबिंदू कुठे, नेहमीचा मुक्काम कुठे, नागरिकत्व कुठलं, आणि तरीही सुटलं नाही तर दोन्ही सरकारांनी आपसात ठरवायचं. आई-बाबांचं घर साताऱ्यात आहे, तर प्रश्न पहिल्याच पायरीवर मिटतो. पण ही ढाल तेव्हाच चालते जेव्हा ते त्या वर्षी भारतातही कायद्याने रहिवासी असतात. सलग दोन वर्षं इथेच राहिले तर तिकडेही अनिवासी ठरतात, आणि मग वाद घालायला दुसरी बाजूच उरत नाही. आई-बाबांचं परतीचं तिकीट काढताना एवढं लक्षात असू द्या.

रहिवासी की अनिवासी हे सीआरएला विचारायचे फॉर्मही आहेत: येताना एनआर-७४, जाताना एनआर-७३. ते भरणं सक्तीचं नाही. माझं मत: परिस्थिती स्वच्छ असेल तर उगाच भरू नका, गुंतागुंत असेल तर आधी जाणकार अकाउंटंटला दाखवा.

पायरी ४: भारताच्या बाजूचे दिवस

इथे मात्र दिवसच मोजतात, आणि वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च. नोकरीसाठी देश सोडला त्या वर्षी भारतातला मुक्काम १८२ दिवसांपेक्षा कमी असेल तर तुम्ही अनिवासी. पुढच्या वर्षांत भेटीला येणाऱ्या भारतीय नागरिकालाही १८२ चीच मर्यादा, पण भारतातलं उत्पन्न १५ लाखांच्या वर असेल तर ती १२० वर येते. हा बदल २०२० च्या अर्थसंकल्पाने आला, आणि दोन-तीन फ्लॅट भाड्याने दिलेल्यांना तो बरोबर टोचतो. १ एप्रिल २०२६ पासून जुन्या कायद्याच्या जागी आयकर कायदा २०२५ आला आहे, तेव्हा कलमांचे जुने क्रमांक पाठ असतील तर विसरा. पोचल्याचा आणि निघाल्याचा दोन्ही दिवस भारतात धरून मोजा, म्हणजे वादाला जागा राहत नाही.

निघायचा महिना किती महत्त्वाचा आहे बघा. एक जण ९ मे २०२४ ला निघाला, १० मे ला टोरांटोत. त्या आर्थिक वर्षात त्याचे भारतातले दिवस ३९. दुसरा ९ डिसेंबरला निघाला, त्याचे २५३. दुसरा माणूस मार्च २०२५ पर्यंत भारताचाही रहिवासी आणि १० डिसेंबरपासून कॅनडाचाही. त्या साडेतीन महिन्यांचा कॅनडातला पगार भारतातल्या रिटर्नमध्येही जातो, कॅनडातलं बँक खातं परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात दाखवावं लागतं, आणि कराराचा आधार घेऊन दुहेरी कर सोडवावा लागतो. हे सगळं होतं, फक्त सीएची फी लागते. निघण्याची तारीख हातात असेल तर सप्टेंबरच्या आत निघालेलं सोपं.

आता "वर्क फ्रॉम पुणे". इथल्या कंपनीचं काम तीन महिने घरून करायचं, सोबत आईच्या हातचं जेवण, असा बेत सगळेच करतात. कायद्याच्या दृष्टीने काम जिथे बसून केलं तिथे तो पगार पिकतो. करारात १८३ दिवसांपर्यंतची सूट आहे, पण पगार देणारी कंपनी भारतातली नसावी आणि तिच्या भारतातल्या शाखेच्या खर्चात तो पगार पडलेला नसावा. म्हणजे पुण्यात ज्या कंपनीचं ऑफिस आहे तिच्या लोकांनी आधी एचआरला विचारावं. मॅनेजरचं "हो, चालेल" पुरेसं नाही, लेखी घ्या.

पायरी ५: एनआरईचं व्याज, एनआरओचा टीडीएस आणि टी-११३५

परदेशी स्थायिक झालात की भारतातलं साधं बचत खातं तसंच ठेवता येत नाही, ते एनआरओ, म्हणजे अनिवासींचं खातं, करून घ्यावं लागतं. इकडून पैसे पाठवायला वेगळं एनआरई खातं. आणि इथेच माझी चूक झाली.

एनआरई ठेवीचं व्याज "टॅक्स फ्री" असं बँकेच्या पत्रकावर मोठ्या अक्षरात असतं. ते भारतात. कॅनडात ते पूर्ण करपात्र आहे, आणि भारतात कर भरलेलाच नसल्यामुळे वजावटही मिळत नाही. शेतीच्या उत्पन्नाचंही तसंच: गावी माफ, इथे दाखवायचं. मी पहिली दोन रिटर्नं भरताना एनआरईचं नावही काढलं नाही. तिसऱ्या वर्षी कळलं तेव्हा ऑनलाइन खात्यातून दोन्ही रिटर्नं दुरुस्त केली, कर आणि व्याज भरलं. रक्कम फार नव्हती, पण त्या दोन रात्री झोप नव्हती. चूक कळली की विचारायच्या आधी आपणच दुरुस्त करावी. मागच्या दहा वर्षांपर्यंतची रिटर्नं दुरुस्त करता येतात.

एनआरओचं उलट आहे. तिथे बँक व्याजावर ३० टक्के आणि वर सेस धरून ३१.२ टक्के कापते. करारानुसार मर्यादा १५ टक्के. कॅनडा वजावट देताना करारापुरतंच बघतं, जास्तीचे कापले गेले ते भारतात रिटर्न भरून परत मागायचे. त्यापेक्षा सीआरएकडून कर-रहिवासी असल्याचा दाखला मागवा आणि दर वर्षी बँकेला द्या, म्हणजे कपातच कमी होते. दाखला यायला वेळ लागतो, म्हणून जानेवारीत अर्ज करून टाका.

टी-११३५ हा फॉर्म कर भरण्याचा नाही, नुसता कळवण्याचा आहे, आणि म्हणूनच राहून जातो. कॅनडाबाहेरच्या मालमत्तेची किंमत वर्षात कधीही १ लाख कॅनेडियन डॉलरच्या वर गेली तर भरायचा. किंमत म्हणजे उतरल्या दिवशीचा तोच बाजारभाव. रुपयांत हे साठ-पासष्ट लाखांच्या आसपास होतात, म्हणजे कोथरूडचा भाड्याने दिलेला एक टूबीएचके एकटाच रेषा ओलांडतो. ज्या फ्लॅटमध्ये आई-बाबा राहतात तो वैयक्तिक वापराचा म्हणून धरत नाहीत. एफडी, शेअर, फंड धरतात. रहिवासी झालात त्या पहिल्या वर्षी हा फॉर्म लागत नाही, दुसऱ्या वर्षापासून लागतो, आणि दुसऱ्या वर्षी सगळे पहिल्या वर्षाचीच यादी समोर घेऊन बसतात. उशिराचा दंड दिवसाला २५ डॉलर, जास्तीत जास्त २,५००.

पायरी ६: हेल्थ कार्ड

ऑन्टारिओत पूर्वी नवीन माणसाला तीन महिने थांबावं लागायचं, मार्च २०२० पासून ती अट गेली. सर्व्हिसऑन्टारिओत तीन कागद न्या: कॅनडातला दर्जा दाखवणारा, पत्ता दाखवणारा आणि ओळख पटवणारा. पत्त्याच्या कागदावर नाव आणि घर तंतोतंत जुळलं पाहिजे, भाडेकरारावर फक्त नवऱ्याचं नाव असेल तर बायकोला परत पाठवतात. करार करतानाच दोघांची नावं घाला. ब्रिटिश कोलंबियात मात्र आल्याचा उरलेला महिना आणि पुढचे दोन महिने थांबावं लागतं, तेवढ्यापुरता खासगी विमा उतरण्याआधीच घ्या.

कार्ड मिळालं म्हणजे कायमचं मिळालं, असं नसतं. ओहिपची (ऑन्टारिओच्या सरकारी आरोग्य विम्याची) अट दुहेरी आहे. पहिली: राहायला आल्यापासूनच्या पहिल्या १८३ दिवसांत १५३ दिवस प्रांतात हजर पाहिजे, म्हणजे बाहेर फार तर ३०. दुसरी: त्यानंतर कुठल्याही बारा महिन्यांत १५३ दिवस हजर, म्हणजे बाहेर फार तर २१२.

पहिल्या अटीत आपली माणसं हमखास अडकतात. वरचाच १० मे चा माणूस घ्या. त्याचे पहिले १८३ दिवस ८ नोव्हेंबरला संपतात. २०२४ चे गणपती बसले ७ सप्टेंबरला, लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला. "आलोच आहोत तर दिवाळी करूनच जाऊ" म्हणून तो ५ सप्टेंबर ते ५ नोव्हेंबर गावी राहिला. ६२ दिवस बाहेर, मर्यादेच्या दुप्पट. फक्त गणपती करून वीस-बावीस दिवसांत परतला असता तर काही प्रश्न नव्हता. नंतर आठ महिने न हलता राहूनही ही पहिली अट भरून निघत नाही.

इतर प्रांतांचं थोडक्यात: ब्रिटिश कोलंबियात कॅलेंडर वर्षात सहा महिने हजेरी, फक्त सुट्टीसाठी गेला असाल तर सात महिन्यांपर्यंत बाहेर चालतं. अल्बर्टात बारा महिन्यांत १८३ दिवस. क्युबेकमध्ये कॅलेंडर वर्षात १८३ दिवस, आणि गंमत म्हणजे सलग २१ दिवसांपर्यंतच्या फेऱ्या तिथे मोजतच नाहीत.

जास्त काळ जायचं असेल तर ऑन्टारिओत आधी कळवून परवानगी घेता येते: नोकरीसाठी पाच वर्षांपर्यंत, इतर कारणांसाठी दोन वर्षांपर्यंत, पूर्णवेळ शिक्षणासाठी शिक्षण चालेल तोवर. पण त्याआधीची सलग दोन वर्षं प्रत्येकी १५३ दिवस हजेरी लागते. नव्या माणसाला हा दरवाजा पहिली दोन वर्षं बंदच.

आता कर आणि कार्ड एकमेकांना कुठे भेटतात ते सांगते. ऑन्टारिओचं हेल्थ प्रीमियम आयकरातूनच जातं: करपात्र उत्पन्न २० हजार डॉलरच्या वर गेलं की सुरू, चढत चढत वर्षाला ९०० पर्यंत. ते ३१ डिसेंबरच्या रहिवासावर ठरतं, कार्ड चालू आहे की नाही यावर नाही. म्हणून आठ महिने पुण्यात राहिलेला, घर-संसार इथे असलेला माणूस कर पूर्ण भरतो, प्रीमियमही भरतो, आणि ओहिप मात्र घालवून बसतो. "मी पैसे भरतोय, मग कार्ड कसं बंद?" हे भांडण खिडकीवर करून उपयोग नसतो. आणि उलट चतुराईही चालत नाही: कार्ड इथलं चालू ठेवायचं आणि करात अनिवासी म्हणवून घ्यायचं, तर तेच कार्ड तुमच्याविरुद्धचा एक धागा ठरतं.

पायरी ७: तिकडे असताना आजारी पडलात तर

ओहिप परदेशात जे देतं ते हॉटेलच्या टिपेइतकं समजा. अचानक उद्भवलेल्या आजारात दाखल झालात तर उपचार किती गंभीर त्यानुसार दिवसाला २०० किंवा ४०० डॉलरपर्यंत, दाखल न होता उपचार घेतले तर ५०. ब्रिटिश कोलंबिया दाखल रुग्णाला दिवसाला ७५ देतं. आधीपासून ठरवून केलेलं गुडघ्याचं ऑपरेशन यात बसत नाही. बिल तपशीलवार हवं, आणि दावा बारा महिन्यांत टाकायचा.

प्रवासी विमा घ्याच, पण त्याची बारीक अक्षरं वाचा. इथल्या बहुतेक पॉलिसी प्रांताचं कार्ड चालू आहे असं गृहीत धरतात, ते बंद झालेलं निघालं तर दावा अडतो. ऑफिसच्या ग्रुप विम्यात एका फेरीला किती दिवस चालतात तेही बघा. वर्षातले पाच-सहा महिने भारतात घालवणाऱ्यांनी तिथली स्वतंत्र आरोग्य पॉलिसी सोडू नये. ती बंद करून परत घ्यायला गेलात तर आधीच्या आजारांसाठी पुन्हा तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं.

भारतात खिशातून केलेला दवाखान्याचा खर्च, दातांचं काम धरून, कॅनडाच्या रिटर्नमध्ये वैद्यकीय खर्च म्हणून दाखवता येतो. निव्वळ उत्पन्नाच्या ३ टक्क्यांच्या किंवा ठरलेल्या रकमेच्या, जे कमी असेल त्याच्या वरचा भाग धरतात. प्रवासी विम्याचा हप्ताही त्यात बसतो. रूट कॅनाल पुण्यात करून आलात तर पावतीवर डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक आणि शिक्का घेऊनच या.

पायरी ८: वही

वहीचे पाच रकाने वर सांगितलेच. शेऱ्यात बोर्डिंग पासचा फोटो कुठल्या फोल्डरमध्ये आहे तेवढं लिहायचं. "कुणाला कळतंय?" हा काळ गेला. २०२० पासून विमानाने बाहेर पडणाऱ्यांचीही नोंद सीमा विभागाकडे जाते, आणि ती कर, बेनिफिट आणि इमिग्रेशन खात्यांना बघता येते.

दर ३१ डिसेंबरला एकाच पानावर चार बेरजा घालते: कॅलेंडर वर्षातले दिवस, १ एप्रिलपासूनचे भारतातले दिवस, ओहिपसाठी मागचे बारा महिने, आणि पीआरसाठी पाच वर्षांतले ७३० दिवस. पुढच्या वर्षीचं तिकीट काढायच्या आधी या चारांतला सगळ्यात कडक आकडा बघायचा. बहुतेकांच्या बाबतीत तो हेल्थ कार्डाचा असतो, आणि श्रीमंतांच्या बाबतीत भारताचे १२० दिवस.

पायरी ९: कायमचं परतायचं ठरलं तर

काही जण दोन-तीन वर्षांत परततात, त्यात लाजण्यासारखं काही नाही. शेवटच्या रिटर्नवर निघाल्याची तारीख टाका. त्या दिवशी तुमची मालमत्ता बाजारभावाने विकली असं धरून कर लावतात, पण गेल्या दहा वर्षांत रहिवास ६० महिने किंवा कमी असेल तर येताना जवळ असलेली मालमत्ता यातून सुटते. इथलं घर आणि आरआरएसपी (निवृत्तीसाठीचं बचत खातं) हेही सुटतं. एकूण मालमत्ता २५ हजार डॉलरच्या वर असेल तर टी-११६१ फॉर्ममध्ये यादी द्यावी लागते. टीएफएसए (करमुक्त बचत खातं) ठेवता येतं, पण गेल्यावर त्यात पैसे टाकलेत तर महिन्याला १ टक्का कर. इथलं घर भाड्याने दिलंत तर भाडेकरू किंवा एजंटने भाड्यातून २५ टक्के कापून सीआरएला भरायचे असतात. हेल्थ कार्डही पाकिटात ठेवून निघू नका, प्रांत सोडल्याचं कळवा.

बरीच वर्षं बाहेर राहून परतलात तर भारतात पोचल्यावर पहिली दोन-तीन वर्षं "रहिवासी पण सामान्यतः नाही" हा दर्जा मिळू शकतो, त्या काळात कॅनडातल्या ठेवींच्या व्याजावर तिकडे कर नसतो. त्यासाठी आधीच्या दहापैकी नऊ वर्षं अनिवासी, किंवा आधीच्या सात वर्षांत भारतातला मुक्काम ७२९ दिवसांच्या आत असावा लागतो. हे दाखवायला जुने शिक्के लागतात. पासपोर्ट नवा काढला की जुना कोपरा कापून परत देतात, तो रद्दीत घालू नका.